मक्याची दारू, ओकचे पिंप आणि थांबण्याची किंमत

'बर्बन' म्हटले की महाराष्ट्रातील बहुतेक घरांत चहात बुडवून खायचे चॉकलेटी बिस्किट आठवते. हेच नाव अमेरिकेच्या सर्वांत प्रसिद्ध व्हिस्कीचेही आहे, आणि दोन्हींचे मूळ शोधत गेल्यास वाट फ्रान्सच्या बूर्बों राजघराण्यापाशी पोहोचते. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात फ्रान्सने केलेल्या मदतीची जाण ठेवून आजच्या केंटकीतील एका परगण्याला या घराण्याचे नाव देण्यात आले. व्हिस्कीला ते त्या परगण्यावरून मिळाले की न्यू ऑर्लिन्स शहरातील बर्बन स्ट्रीटवरून, यावर इतिहासकारांचे एकमत नाही. पण मक्याच्या या दारूने पुढे अशी काही प्रतिष्ठा मिळवली की, १९६४ मध्ये अमेरिकी संसदेने ठराव करून बर्बन हे 'अमेरिकेचे वैशिष्ट्यपूर्ण उत्पादन' असल्याचे जाहीर केले. अमेरिकेबाहेर बनलेल्या कोणत्याही मद्याला या नावाने तेथे विकता येत नाही.

बर्बनचा बाजार दीर्घकाळ मूठभर मोठ्या कंपन्यांच्या हाती होता. गेल्या तीन दशकांत मात्र अमेरिकेच्या जवळपास प्रत्येक राज्यात छोट्या आसवन्या उभ्या राहिल्या. जुन्या पिठाच्या गिरणीत, बंद पडलेल्या कारखान्यात, शेतातील धान्याच्या कोठारात तांब्याची भांडी बसवून कुणी मक्याची, कुणी रायची, तर कुणी सातूची व्हिस्की गाळू लागले. 'क्राफ्ट डिस्टिलिंग' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या चळवळीचे कौतुक पुष्कळ झाले. त्यामागचे आर्थिक कोडे मात्र त्या मानाने कमी लोकांना ठाऊक आहे. व्हिस्की गाळायला आठवडा पुरतो, पण ती पिण्याजोगी व्हायला वर्षे लागतात. ही वर्षे छोट्या माणसाने आणायची कोठून?

हे कोडे समजण्यासाठी आधी कायदा पाहावा लागतो. बर्बनच्या धान्यमिश्रणात किमान ५१ टक्के मका असावा लागतो. ऊर्ध्वपातनातून निघणारे मद्य ८० टक्क्यांहून अधिक तीव्र असता कामा नये, कारण त्यापलीकडे धान्याची चव नाहीशी होऊ लागते. पिंपात भरताना त्याची तीव्रता ६२.५ टक्क्यांवर नसावी आणि बाटलीत ती ४० टक्क्यांखाली जाऊ नये. रंग, स्वाद, साखर यांपैकी काहीही वरून घालता येत नाही. आणि सर्वांत महत्त्वाची अट म्हणजे पिंप ओकच्या लाकडाचे, आतून जाळलेले आणि कोरे असले पाहिजे. एकदा वापरलेले पिंप बर्बनसाठी पुन्हा चालत नाही. 'स्ट्रेट' हा शब्द लावायचा असेल तर किमान दोन वर्षे पिंपात काढावी लागतात, आणि चार वर्षांहून कमी वयाच्या व्हिस्कीचे वय बाटलीवर छापणे बंधनकारक आहे. 'बॉटल्ड इन बाँड' ही मोहोर तर १८९७ च्या कायद्याने आली. एकाच आसवनीत, एकाच हंगामात गाळलेली, सरकारी देखरेखीच्या गोदामात किमान चार वर्षे मुरलेली आणि बरोबर ५० टक्के तीव्रतेची व्हिस्कीच ती मिरवू शकते. त्या काळी तंबाखूचे पाणी नि काय काय मिसळून विकल्या जाणाऱ्या भेसळीवर तो उतारा होता.

या मद्याचा जन्म मात्र कायद्याला चुकवतच झाला, असे म्हणायला हरकत नाही. ॲपलाचियन डोंगरांपलीकडे वसलेल्या शेतकऱ्यांकडे धान्य मुबलक होते, पण ते पूर्वेच्या बाजारात नेणे परवडत नसे. घोड्याच्या पाठीवर चार बुशेल धान्य लादता येई. तेच धान्य गाळून नेले तर चोवीस बुशेलांचा ऐवज त्याच घोड्यावर जाई, असा हिशेब सांगितला जातो. धान्य सडते, दारू सडत नाही, हा दुसरा फायदा. १७९१ मध्ये नव्या सरकारने या दारूवर कर बसवला तेव्हा पश्चिम पेनसिल्व्हेनियात बंडाळी माजली आणि १७९४ मध्ये ती मोडण्यासाठी अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांना सुमारे तेरा हजारांची फौज पाठवावी लागली. गंमत अशी की, याच वॉशिंग्टन यांनी निवृत्तीनंतर आपल्या माउंट व्हर्नन येथील जमिनीवर आसवनी काढली. जेम्स अँडरसन हा स्कॉटिश व्यवस्थापक आणि भट्टीवर राबणारे सहा गुलाम यांच्या बळावर १७९९ मध्ये तेथे सुमारे ११ हजार गॅलन व्हिस्की तयार झाली. देशातील मोठ्या आसवन्यांत तिची गणना होत असे. तिच्या मिश्रणात मक्यापेक्षा राय अधिक होते आणि ती पिंपात न मुरवताच विकली जाई. जुन्या शेतकऱ्यांना काळाची अडचण नव्हती, ती या कारणाने. मुरवण्याची अपेक्षाच नव्हती.

आजची पद्धत तीच, फक्त अधिक नेटकी आहे. दळलेला मका पाण्यात उकळून त्यातील पिष्टमय पदार्थ मोकळे केले जातात. मिश्रण थोडे निवल्यावर राय किंवा गहू, आणि साधारण ६५ अंश तापमानाला मोड आणून वाळवलेले सातू घातले जातात. सातूतील विकरे पिष्टाची साखर करतात. आधीच्या घाणीतील ऊर्ध्वपातनानंतर उरलेले आंबट पाणी नव्या मिश्रणात घालण्याची रीत बहुतेक ठिकाणी पाळली जाते. दह्याला विरजण लावावे तशी ही परंपरा भासते खरी, पण यीस्ट स्वतंत्रपणे घातले जाते आणि या आंबट पाण्याचे काम मिश्रणाची आम्लता राखून नको असलेल्या जिवाणूंना दूर ठेवण्याचे असते. एकोणिसाव्या शतकात केंटकीत काम करणाऱ्या जेम्स क्रो या स्कॉटिश वैद्यक-रसायनज्ञाने या कृतीला मोजमापाची शिस्त लावली. तीन ते पाच दिवसांत सुमारे आठ-दहा टक्के मद्यार्क असलेली आंबट, दाट, बिअरसारखी घाण तयार होते.

पुढे मोठ्या कंपन्या ती उंच स्तंभातून अखंड गाळतात. छोटे आसवनकार पुष्कळदा तांब्याच्या हंड्यात एकेक घाणा गाळतात, आणि येथे हाताचे कौशल्य लागते. प्रथम निघणाऱ्या भागाला नखांच्या पॉलिशसारखा उग्र वास येतो. शेवटचा भाग तेलकट, ओल्या पुठ्ठ्याच्या वासाचा असतो. मधला तेवढा ठेवायचा. कोठे कापायचे हे तापमापक सांगतो तसे नाकही सांगते. आधाशीपणाने शेवटचा भाग अधिक घेतला तर बाटल्या वाढतात, पण तो तेलकट वास मुरायला आणखी वर्षे लागतात. म्हणजे काळाचा हिशेब पिंपापूर्वीच सुरू होतो.

हाती येणारे मद्य पाण्यासारखे स्वच्छ असते. बर्बनचा तांबूस-तपकिरी रंग, त्याचा गोडसर वास आणि चवीचा बराच मोठा भाग येतो तो पिंपातून. पिंप भाजताना लाकडातील लिग्निनपासून व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाच्या शेंगेतील तेच द्रव्य तयार होते. लाकडातील शर्करा करपून कॅरमेलसारखी होते. अमेरिकी पांढऱ्या ओकमध्ये खोबऱ्यासारखा वास देणारी लॅक्टोन द्रव्ये भरपूर असतात, आणि लवंगेला लवंगपण देणारे युजेनॉलही असते. मराठी जिभेला बर्बनमध्ये गुळाची काकवी, भाजके खोबरे आणि लवंग यांचा भास झाला तर तो निव्वळ कल्पनाविलास नव्हे. कोळसा झालेला आतला थर गंधकयुक्त वास शोषून घेतो. उन्हाळ्यात मद्य प्रसरण पावून लाकडात शिरते, हिवाळ्यात आकसून परत येते आणि येताना हे सारे सोबत आणते. केंटकीतील सात-आठ मजली गोदामांत वरच्या मजल्यावरची पिंपे लवकर पिकतात आणि तळाची सावकाश.

या प्रवासात दरवर्षी काही भाग हवेत उडून जातो. देवदूतांचा वाटा असे त्याला लाडाने म्हणतात. केंटकीत तो साधारण ३ ते ५ टक्के असतो. दहा वर्षांनी पिंपातील तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक नाहीसा झालेला असतो, आणि हे देवदूत बिल भरत नाहीत.

आता छोट्या आसवनीचा विचार करू. १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात अमेरिकेतील शेतावरच्या आसवन्या जवळपास नाहीशा झाल्या. बंदी उठल्यावरही परवाने इतके महाग आणि नियम इतके किचकट राहिले की मोठ्या भांडवलाशिवाय कुणी या धंद्यात उतरेना. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात यॉर्ग रूप या जर्मन गृहस्थांनी 'सेंट जॉर्ज स्पिरिट्स' काढून फळांचे मद्य गाळायला सुरुवात केली. १९९३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत बिअरसाठी प्रसिद्ध असलेल्या फ्रिट्झ मेटॅग यांनी रायची व्हिस्की गाळली. मग हळूहळू राज्यांचे कायदे सैल झाले. न्यूयॉर्क राज्यात टटहिलटाउन येथील कथा या दृष्टीने बोलकी आहे. राल्फ एरेन्झो यांना तेथे गिर्यारोहकांसाठी निवासस्थान काढायचे होते. शेजाऱ्यांनी विरोध केला, बेत फसला आणि हाती उरली ती अठराव्या शतकातील जुनी गिरणी. ब्रायन ली यांच्यासह त्यांनी २००३ मध्ये तेथे आसवनीची पायाभरणी केली. दारूबंदीनंतर न्यूयॉर्कमध्ये कायदेशीररीत्या बनलेले पहिले बर्बन याच गिरणीतून बाहेर आले. २००७ मध्ये राज्याने 'फार्म डिस्टिलरी' कायदा केला. कच्च्या मालापैकी किमान ७५ टक्के माल राज्यातील शेतांतून घेणाऱ्या आसवनीला आपल्या दारातच चव देण्याची आणि बाटल्या विकण्याची मुभा मिळाली. २०१८ पासून केंद्रीय अबकारी करही पहिल्या एक लाख प्रूफ गॅलनसाठी गॅलनमागे १३.५० डॉलरवरून २.७० डॉलरवर आला.

परवाना स्वस्त झाला, कर घटला, पण काळ स्वस्त झाला नाही. गोव्यातील काजू फेणीशी तुलना केली तर ही अडचण लख्ख दिसते. बोंडू पिकतात, रस आंबतो, भाटीवर आधी हुर्राक आणि मग फेणी निघते, आणि एका हंगामात घातलेला पैसा त्याच वर्षी परत येऊ लागतो. बर्बनवाल्याला आज मका विकत घ्यायचा, आज पिंप घ्यायचे, आज पगार द्यायचे आणि पहिली बाटली चार वर्षांनी विकायची. त्यात पिंप दर वेळी कोरे! मोठ्या कंपनीकडे आजोबांच्या काळापासून भरलेली गोदामे असतात. नव्या माणसाकडे असतो तो बँकेचा हप्ता.

यातून वाटा निघाल्या. सर्वांत प्रामाणिक वाट म्हणजे मुरण्याची गरज नसलेली जिन किंवा व्होडका विकून व्हिस्कीचा खर्च भागवणे. टटहिलटाउनचे पहिले उत्पादन सफरचंदांपासून केलेली व्होडका होती. दुसरी वाट छोट्या पिंपाची. प्रमाण पिंप ५३ गॅलनचे, म्हणजे सुमारे २०० लिटरचे असते. ते पाच गॅलनचे केले तर दर लिटरमागे लाकडाचा पृष्ठभाग सव्वादोन पटींच्या आसपास वाढतो आणि काही महिन्यांत मद्य गडद होते. टटहिलटाउनचे 'हडसन बेबी बर्बन' असेच लहान पिंपांतून आले. द्रव ढवळला जावा म्हणून तेथे गोदामात घुमणारे संगीतही वाजवीत! रंग आला, व्हॅनिला आला, पण एक गोष्ट येत नाही. पिंपाच्या फटींतून आत झिरपणाऱ्या हवेने मद्यातील द्रव्यांचे एकमेकांशी जे सावकाश रूपांतर होते, ते लाकूड वाढवून लवकर होत नाही. केंटकीतील 'बफेलो ट्रेस' या मोठ्या आसवनीने २००६ मध्ये पाच, दहा आणि पंधरा गॅलनच्या पिंपांत आपलेच मद्य भरून पाहिले आणि सहा वर्षांनी प्रयोग फसल्याचे मोकळेपणाने जाहीर केले. लाकडाचा उग्रपणा भरपूर, खोली नाही. लोणचे उन्हात ठेवून लवकर मुरवायला जावे आणि मीठ-तिखट फोडींच्या बाहेरच राहावे, तसा हा प्रकार.

तिसरी वाट मुरलेली व्हिस्की दुसऱ्याकडून विकत घेण्याची, आणि खरा वाद येथेच पेटला. इंडियाना राज्यातील लॉरेन्सबर्ग येथे पूर्वी सीग्रॅम कंपनीची असलेली एक प्रचंड आसवनी आहे. २०११ च्या अखेरीस ती 'एमजीपी' या कंपनीकडे आली. ९५ टक्के राय असलेली तिची व्हिस्की उत्तम असते आणि ती कुणालाही घाऊक मिळते. अनेक नव्या 'हस्तनिर्मित' बाटल्यांत, कुठल्याशा पणजोबांच्या गुप्त कृतीची कथा छापून, प्रत्यक्षात हीच व्हिस्की भरलेली निघाली. आयोवातील 'टेम्पलटन राय'वर याच मुद्द्यावरून ग्राहकांनी खटले भरले आणि २०१५ मध्ये तडजोडीत कंपनीने खरेदीदारांना परतावा देण्याचे मान्य केले. मद्य वाईट नव्हते. गाव आणि गोष्ट खोटी होती. याउलट युटातील 'हाय वेस्ट'चे संस्थापक डेव्हिड पर्किन्स यांनी आपण व्हिस्की विकत घेतो आणि मिश्रण करतो हे पहिल्यापासून सांगितले. मिश्रण ही स्वतंत्र कला आहे, आणि सांगून केलेली उसनवारी चोरी ठरत नाही. २०१६ मध्ये ही आसवनी १६ कोटी डॉलरना विकली गेली.

बाटली हातात घेतल्यावर हा फरक ओळखता येतो. समोरच्या लेबलवरील घोडे, भट्ट्या आणि मिशीवाले पूर्वज पाहण्यात अर्थ नाही. मागची बारीक अक्षरे वाचावीत. 'डिस्टिल्ड बाय' असे असेल तर त्या नावाच्या आसवनीने स्वतः गाळले आहे. 'बॉटल्ड बाय' किंवा 'प्रोड्यूस्ड बाय' एवढेच असेल तर शंका घ्यायला जागा आहे. पत्ता एका राज्याचा आणि गाळण दुसऱ्या राज्यातील असेल, तर गाळणाऱ्या राज्याचे नाव छापावेच लागते. पुष्कळदा तेथे 'इंडियाना' हा शब्द संकोचाने उभा असतो. लेबलातला हा प्रामाणिकपणा भारतीय वाचकाला परका नाही. भारतात 'व्हिस्की' म्हणून विकल्या जाणाऱ्या स्वस्त मद्यांत मोठा वाटा साखर कारखान्यांच्या मळीपासून केलेल्या मद्यार्काचा असतो, आणि युरोपात अशा मद्याला व्हिस्की म्हणूच देत नाहीत.

छोट्यांचे खरे बळ वयात नसून धान्यात आहे, असे या क्षेत्रातील उत्तम उदाहरणे पाहिली की पटते. मोठ्या कंपन्या एकाच प्रकारचा पिवळा संकरित मका आगगाडीने आणतात. साउथ कॅरोलायनातील चार्ल्सटन येथे २०१३ मध्ये सुरू झालेल्या 'हाय वायर' आसवनीने 'जिमी रेड' नावाचा गर्द लाल मका हाती घेतला. चोरून दारू गाळणाऱ्यांचा हा एके काळचा आवडता मका जवळपास नामशेष झाला होता, काही बियाणेप्रेमींनी तो वाचवला. थोड्या जमिनीवर लावून पाहिल्यावर त्यातील तेलाचे प्रमाण इतके निघाले की आंबवणाच्या पिंपावर तेलाचा तवंग आला. व्हिस्की शेंगदाण्यासारख्या स्निग्ध चवीची झाली. याच मक्याच्या कण्या चार्ल्सटनच्या उपाहारगृहांत लोणी घालून वाढल्या जातात. ताटातही तोच मका आणि पेल्यातही तोच. टेक्सासमधील 'बाल्कोन्स'ने निळ्या मक्याबाबत असेच केले, आणि २०२२ मध्ये तीही एका बलाढ्य कंपनीने विकत घेतली.

जेवणाशी व्हिस्कीचा मेळ याच अंगाने समजून घ्यावा. अमेरिकेतही बर्बन जेवणानंतरचे पेय मानले जाई. चाळीस-पन्नास टक्के मद्यार्क जीभ बधिर करतो, हा आक्षेप खराच आहे. पण केंटकीच्या स्वयंपाकात असे काही पदार्थ आहेत, जे जणू याच्यासाठीच जन्मले. त्यांपैकी पहिला 'कंट्री हॅम'. हिवाळ्यात मीठ चोळलेली डुकराची मांडी उन्हाळाभर टांगून ठेवली जाते. ज्या उष्म्याने पिंपातील व्हिस्की लाकडात शिरते, त्याच उष्म्याने ही मांडी घाम गाळते आणि मुरते. तिचा पातळ, अतिशय खारट काप तेथील मऊ, लुसलुशीत 'बिस्किटा'त घालून देतात. (हे बिस्किट चहातले नव्हे, पावाच्या जवळचे.) खारट आणि स्निग्ध घासावर गोडसर बर्बनचा घोट घेतला की मीठ सौम्य होते आणि व्हॅनिला उठून येतो. ओवेन्सबरो या नदीकाठच्या गावात तर बार्बेक्यू म्हणजे डुक्कर नव्हे, मटण! जून मेंढीचे मांस हिकरीच्या लाकडावर तासन् तास भाजतात आणि व्हिनेगर, वूस्टर सॉस, काळी मिरी यांच्या काळ्या पातळ रसाने भिजवत राहतात. मटणाचा उग्र वास आणि चरबी यांपुढे वाइन दबते. मिरीची धार असलेली राय व्हिस्की टिकून राहते.

ढोबळ तत्त्व असे की, रायचे प्रमाण अधिक असलेली व्हिस्की मसालेदार मांसाशी, मोहरीशी, खारवलेल्या गोमांसाच्या सँडविचशी जुळते. रायऐवजी गहू घातलेले मऊ बर्बन पेकान नटच्या पायला, भाजलेल्या रताळ्याला किंवा जुन्या चेडर चीजला साजते. दहा-बारा वर्षांचे, लाकडाचा तुरटपणा आलेले मद्य गोडाशी भांडते. त्याला कडवट चॉकलेट किंवा चरबीयुक्त मांस हवे. तरुण, मक्याची चव जिवंत असलेल्या छोट्या आसवनीच्या व्हिस्कीला तर लोणी लावलेले भाजके कणीस पुरे. तळणाबरोबर मात्र सोडा आणि भरपूर बर्फ घालून उंच पेल्यात घेणेच शहाणपणाचे.

तिखटाबाबत एक सावधगिरी महाराष्ट्रातील खवय्यांनी बाळगावी. मिरचीतील कॅप्सेसिन जिभेवरील ज्या ग्राहकाला चेतवते, तोच ग्राहक साधारण ४२ अंशांच्या उष्णतेला चटका म्हणून ओळखतो. मद्यार्क हा उंबरठा सुमारे ३४ अंशांवर आणतो, म्हणजे तोंडाची नेहमीची ऊबही भाजू लागते. तांबड्या रश्श्यावर नीट बर्बनचा घोट हा दोन आगींचा संगम ठरतो, चवीचा नव्हे. तेथे पाणी मिसळावे. पाणी घातल्याने व्हिस्की बिघडते ही समजूतही तितकीशी खरी नाही. स्वीडनमधील संशोधकांनी २०१७ मध्ये संगणकीय प्रतिरूपाने दाखवले की, मद्य पातळ केल्यावर ग्वायकॉल हे धुरकट वासाचे द्रव्य पृष्ठभागाकडे येते आणि नाकाला अधिक जाणवते. प्रमाणाचाही हिशेब ठेवावा. अमेरिकेत एक 'ड्रिंक' म्हणजे ४० टक्के तीव्रतेचे सुमारे ४४ मिलिलिटर. भारतीय ६० मिलिलिटरचा पेग 'बॉटल्ड इन बाँड' बर्बनचा भरला, तर त्यात अशा एका ड्रिंकच्या जवळपास पावणेदोन पट मद्यार्क जातो. आणि सॉसमध्ये घातलेले बर्बन शिजवल्यावर 'उडून जाते' असे समजून न पिणाऱ्या पाहुण्यांना वाढणे योग्य नाही. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यानुसार पंधरा मिनिटे शिजवल्यावरही ४० टक्के, तर पेटवून आणलेल्या पदार्थात ७५ टक्के मद्यार्क उरतो.

ज्यांनी उसनवारी न करता थांबण्याचे ठरवले, त्यांच्या वाट्याला मात्र विचित्र दैव आले आहे. टाळेबंदीच्या काळात घरोघरी व्हिस्कीची मागणी वाढली, भांडवल आले, पिंपे भरली गेली. ती पिकली तेव्हा बाजार ओसरला होता. २०२५ च्या आरंभी एकट्या केंटकीत १ कोटी ६० लाखांहून अधिक पिंपे मुरत पडली होती, म्हणजे राज्यातील दर माणशी तीनहून अधिक. या पिंपांवर दरवर्षी मालमत्ता कर भरावा लागतो. २०२३ च्या कायद्याने तो टप्प्याटप्प्याने घटवून २०४३ पर्यंत संपवायचे ठरले आहे. मार्च २०२५ मध्ये आयातशुल्काच्या भांडणात कॅनडाच्या प्रांतांनी अमेरिकी मद्य दुकानांतून काढले. डिसेंबर २०२५ मध्ये 'जिम बीम'सारख्या अजस्र कंपनीने क्लेरमाँट येथील मुख्य आसवनीत २०२६ मध्ये गाळण थांबवण्याचे जाहीर केले. मोठी कंपनी भट्टी विझवून थांबू शकते. लहानाला ते जमत नाही. याच काळात, फेब्रुवारी २०२५ मध्ये, भारताने बर्बनवरील आयातशुल्क १५० टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर आणले. बर्बनची रिकामी पिंपे मात्र भारतात आधीपासूनच येत होती. गोव्यात बनणारी 'पॉल जॉन' सिंगल माल्ट केंटकीतून टाकून दिलेल्या याच पिंपांत मुरते.

पिंप पुन्हा वापरण्याची मुभा देणारा एक नवा अमेरिकी वर्ग आता अस्तित्वात आहे. केवळ मोड आलेल्या सातूपासून, एकाच आसवनीत गाळलेल्या 'अमेरिकन सिंगल माल्ट'ला कायद्याची व्याख्या मिळावी म्हणून काही छोट्या आसवन्यांनी २०१६ मध्ये संघटना उभारली. ओरेगनमधील पोर्टलंडची 'वेस्टवर्ड' तिच्या संस्थापकांपैकी एक होती. १९ जानेवारी २०२५ पासून ती व्याख्या लागू झाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये 'वेस्टवर्ड'ने दिवाळखोरी संरक्षणासाठी न्यायालयात अर्ज केला.